व्याधी, भय आणि ध्यान

गेल्या महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातील एका वाचक भगिनींचे चार पानी पत्र आमच्या हाती आले. त्यांच्या सासूबाईंस कर्करोग असल्याचे निदान होऊन जेमतेम तीन आठवडे झाले आहेत. घरात लहानथोर बारा माणसे आणि प्रत्येकाचे मत निराळे. एका आप्ताने असे सुचविले की, शस्त्रक्रिया व जहाल औषधे यांच्या मागे न लागता सासूबाईंनी सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास ध्यानास बसावे. मन निर्मळ झाले की गाठ आपोआप विरघळेल. सासूबाई स्वभावतः धार्मिक. त्यांस हे म्हणणे पटू लागले आहे. सूनबाई विचारतात, "गुरुजी, आपण जन्मभर संस्कृत शिकविले. ध्यानाने कर्करोग बरा होतो असे आपल्या शास्त्रांत आहे काय? आणि नसेल, तर मग ध्यानाचा उपयोग तरी काय?"

या भगिनींस आम्ही त्याच दिवशी उत्तर धाडले, कारण या रोगात काळ दवडणे परवडत नाही. उत्तर एवढेच होते: वैद्यांचे उपचार आधी सुरू करा, ध्यान त्याच्या जोडीने चालू द्या, त्याच्या जागी नव्हे. परंतु पत्रातला दुसरा प्रश्न एका ओळीत संपणारा नाही, आणि तो एका घराचाही नाही. म्हणून या वेळचे पान आम्ही त्यासाठीच योजिले आहे. पुढे जे लिहिणार आहोत ते सगळे पोथीतून काढलेले नाही. त्यातील बराचसा भाग आमच्याच घरात आम्हांस शिकावा लागला, आणि शिकताना आमच्या हातून चुकाही झाल्या.

तीन वर्षांपूर्वीच्या कार्तिकातील गोष्ट. तुळशीच्या लग्नाची तयारी चालली असता आमच्या थोरल्या वहिनींच्या छातीत गाठ असल्याचे घरातील धाकट्या सुनेच्या लक्षात आले. विचारता कळले की, वहिनींस ती श्रावणापासून ठाऊक होती. गाठ दुखत नव्हती, म्हणून त्यांनी ती मनावर घेतली नाही. पुढे गणपती आले, नवरात्र आले, दिवाळी आली. आपले दुखणे काढून सगळ्यांच्या आनंदावर विरजण कशाला घालावे, असा त्यांनी विचार केला. गाठ दुखत नाही हे निर्धास्त होण्याचे कारण नव्हे, उलट अशा गाठी प्रारंभी बहुधा दुखतच नाहीत, हे आम्हां घरातल्या शिकल्यासवरलेल्या पुरुषांपैकी एकासही ठाऊक नसावे, याची लाज वाटते.

या वहिनी लग्न होऊन आमच्या घरी आल्या तेव्हा आम्ही शाळेत होतो. मॅट्रिकच्या परीक्षेस निघताना आमच्या तळहातावर दही-साखर त्यांनीच ठेवली. थोरले बंधू निवर्तल्यापासून घराचा सगळा भार त्यांच्यावरच उभा आहे. त्यांस घेऊन आम्ही व पुतण्या नागपुरास निघालो. गडचांदुराहून नागपूर सुमारे दोनशे किलोमीटर. पहाटे चार वाजता निघावयाचे, राजुऱ्यापुढे वर्धा नदी ओलांडावयाची, चंद्रपूर, वरोरा, जाम असे करीत दहाच्या आत तेथे पोहोचावयाचे. पुढील दहा महिन्यांत हा रस्ता आमच्या इतका पाठ झाला की, कोणत्या वळणावर वहिनी डोळे मिटून घेतात हेही आम्ही सांगू शकलो असतो. गाठीचा तुकडा काढून तपासला, निदान पक्के झाले. शस्त्रक्रिया, मग सलाइनवाटे द्यावयाची केमोथेरपी, मग किरणोपचार, असा क्रम वैद्यांनी आखून दिला.

निदानाची वार्ता पसरताच घरी समाचारास येणाऱ्यांची रीघ लागली. त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे आम्ही शपथेवर सांगू. परंतु एक बाई वहिनींचा हात हाती घेऊन म्हणाल्या, "तुम्ही सगळे मनात ठेवता हो, त्यानेच हे झाले." दुसऱ्या एका गृहस्थांनी सकारात्मक विचारांवर अर्धा तास भाषण केले आणि जाताना बजावले की, मनात भीती आणाल तर रोग वाढेल. त्या रात्री जेवणे आटोपल्यावर वहिनींनी आम्हांस माजघरात बोलावून विचारले, "भाऊजी, हे मीच ओढवून घेतले का? आणि आता मला भीती वाटते, तर त्यानेही वाढेल का?"

त्या वेळी आम्ही प्रारब्धाविषयी काहीतरी मोघम बोललो. आज तो प्रश्न पुन्हा आला तर काय उत्तर द्यावे हे आम्हांस ठाऊक आहे, आणि वाचकांनीही ते ध्यानात ठेवावे अशी विनंती आहे.

ज्यांच्या मनःशांतीविषयी कोणास शंका नाही अशा पुरुषांची नावे आठवा. श्रीरामकृष्ण परमहंस 16 ऑगस्ट 1886 रोजी गेले ते घशाच्या कर्करोगाने. अरुणाचलाचे रमण महर्षी यांच्या डाव्या बाहूवर कर्करोगाची गाठ झाली. 1949 या एका वर्षात त्यांच्यावर चार वेळा शस्त्रक्रिया झाल्या आणि 14 एप्रिल 1950 रोजी त्यांनी देह ठेवला. मुंबईत खेतवाडीत राहून मराठीत निरूपण करणारे निसर्गदत्त महाराज विडी-तंबाखूचे लहानसे दुकान चालवीत. स्वतःही विडी ओढीत. त्यांस घशाचा कर्करोग झाला आणि 8 सप्टेंबर 1981 रोजी त्यांचे निधन झाले. देशोदेशींची माणसे त्यांच्या माडीवर येऊन बसत आणि आवाज क्षीण होईपर्यंत ते त्यांच्याशी बोलत राहिले. आत्मज्ञानाने विडीचा धूर निरुपद्रवी होत नाही. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे खर्रा चघळणाऱ्या तरुणांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

आणि आमच्या विदर्भापुरते पाहावयाचे तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. जन्म 1909 साली अमरावती जिल्ह्यातील यावलीचा. पण तारुण्यात त्यांनी तप केले ते आमच्याच जिल्ह्यातील चिमूरच्या रानात. हाती खंजिरी घेऊन हा पुरुष गावोगाव हिंडला, 1942 च्या आंदोलनात कारावास भोगला, गावांस स्वच्छता शिकविली, आणि पहाटे सामुदायिक ध्यान व सायंकाळी सामुदायिक प्रार्थना असा परिपाठ घालून दिला. त्यांस कर्करोग झाला आणि 11 ऑक्टोबर 1968 रोजी मोझरीच्या गुरुकुंजात वयाच्या साठाव्या वर्षी ते गेले. ज्याने सहस्रावधी लोकांस ध्यानास बसविले, त्यालाही या रोगाने सोडले नाही.

तेव्हा वहिनींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. मन अशांत म्हणून कर्करोग होतो असे असते, तर या मंडळींस तो शिवला नसता. आणि भीती वाटल्याने रोग वाढत नाही. भीती वाटणे हा रोग्याचा अपराध नव्हे. ज्यास रोग झाला त्यालाच त्याचा दोष देणे हे क्रौर्य आहे, मग ते कितीही गोड शब्दांत बोलले जावो.

आता शास्त्रांकडे वळू. आपल्याकडे असा समज पसरला आहे की, प्राचीनांनी सर्व व्याधींवर ध्यान हेच औषध सांगितले. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. पतंजलींनी योगाच्या मार्गातील नऊ विघ्ने गणिली आहेत, आणि त्यांत पहिले नाव व्याधीचे आहे. म्हणजे रोग हा ध्यानात अडथळा आणतो, असे ते म्हणतात; ध्यानाने रोग पळतो असे म्हणत नाहीत. या विघ्नांबरोबर येणारे सोबतीही त्यांनी सांगितले आहेत: दुःख, खिन्नता, अंगाचा थरकाप आणि श्वासाची विस्कटलेली गती. आम्ही हे सूत्र कितीतरी वेळा शिकविले असेल. परंतु त्याचा अर्थ आम्हांस कळला तो केमोथेरपीच्या दुसऱ्या खेपेच्या आदल्या रात्री. वहिनी पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या, गुडघे थरथरत होते आणि श्वास वरचेवर अडखळत होता. सूत्रातील चारही गोष्टी आमच्यापुढे पलंगावर बसल्या होत्या. यांवर पतंजलींनी जे उपाय सांगितले, त्यांत एक श्वासाचा आहे. रोगाचा नाश नव्हे, तर चित्ताची प्रसन्नता हे त्या उपायांचे फळ म्हणून ते सांगतात.

मग गाठीचे काय? त्यासाठी योगसूत्रे नव्हेत, सुश्रुताची संहिता उघडावयास हवी. अर्बुद या नावाने त्याने मांसात सावकाश वाढणाऱ्या, खोल रुजलेल्या घट्ट गाठींचे वर्णन केले आहे, आणि त्यांवर शस्त्र, क्षार व अग्नी यांचे उपचार सांगितले आहेत. एवढेच नव्हे, तर गाठीचा अंश मागे राहिल्यास ती लवकरच पुन्हा उद्भवते, म्हणून ती निःशेष काढावी, असाही त्याचा इशारा आहे. नागपूरच्या शल्यवैद्यांनी गाठीभोवतीचा निरोगी वाटणारा थोडा भागही का काढावयाचा हे आम्हांस कागदावर आकृती काढून समजाविले, तेव्हा आम्हांस सुश्रुताचीच आठवण झाली. प्राचीनांनी शस्त्राचे काम शस्त्राकडे आणि ध्यानाचे काम ध्यानाकडे सोपविले होते. त्यांची गल्लत आपण केली.

ही गल्लत किती महाग पडते याचा हिशेबही झालेला आहे. बरे होण्याजोग्या अवस्थेतील कर्करोग असूनही ज्यांनी प्रचलित उपचार नाकारून केवळ पर्यायी उपायांवर भिस्त ठेवली, अशा रोग्यांची माहिती अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या वैद्यांनी पडताळून पाहिली. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अशा रोग्यांच्या मृत्यूचा धोका उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट आढळला; स्तनांच्या कर्करोगात तर तो पाच पटींहून अधिक होता. पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी हा एक आकडा आपल्या आप्तांस अवश्य वाचून दाखवावा.

येथवर ध्यान काय करीत नाही ते सांगितले. आता दुसरी बाजू.

वहिनींच्या शस्त्रक्रियेनंतर आम्ही त्यांस धीर द्यावा म्हणून संध्याकाळी अष्टांगयोगावर निरूपण सुरू केले. यमनियमांत चार दिवस गेले. पाचव्या दिवशी त्यांनी आम्हांस थांबविले. "भाऊजी, तुम्ही सांगता ते सगळे खरे असेल. दिवस माझा कसाही निघून जातो. मला रात्री दोन वाजता काय करायचे ते सांगा."

चाळीस वर्षे ज्या विद्येचा आम्ही अभिमान बाळगला, तिच्यात या प्रश्नाचे तयार उत्तर आम्हांस सापडेना. रात्री दोन वाजता आमच्या गावात सिमेंटचे ट्रक तेवढे जागे असतात. घर झोपलेले असते. अशा वेळी जागा रोगी छताकडे पाहत पडतो आणि मन पुढे धावते: पुढचा अहवाल कसा येईल, केस गेले ते पुन्हा येतील का, नातीच्या लग्नापर्यंत आपण असू का. शरीरास त्या क्षणी कदाचित फारसा त्रास होतही नसेल. परंतु उद्याचे, परवाचे, पुढच्या वर्षाचे दुःख मन आजच भोगून घेते. बुद्धाने याविषयी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. पहिला बाण शरीरास लागतो, तो टळत नाही. दुसरा बाण त्याविषयीच्या शोकाचा, तो मन आपणच आपणास मारून घेते. पहिला बाण काढावयाचा तो शल्यवैद्याने. ध्यानाचे क्षेत्र दुसऱ्या बाणाचे.

आम्ही आमच्या गावातील गुरुदेव सेवा मंडळाच्या एका वृद्ध सेवकाकडे गेलो. हा मनुष्य फारसा शिकलेला नाही. पण कित्येक वर्षे पहाटेचे ध्यान चुकविलेले नाही. त्यास विचारले, बाबा, ध्यानात तुम्ही नेमके करता काय? तो हसून म्हणाला, "गुरुजी, आमी काई करत नाई. बसतो. मन पळालं का वापस आनतो. पुन्ना पळालं का पुन्ना आनतो." बस्स, एवढेच. आमच्या पाच दिवसांच्या निरूपणाहून हे एक वाक्य वहिनींस अधिक उपयोगी पडले.

ज्यास हल्ली इंग्रजी जाणणारे लोक माइंडफुलनेस म्हणतात, ते याहून फारसे निराळे नाही. त्या शब्दाच्या मुळाशी पालीतील 'सति' हा शब्द आहे, आणि सति म्हणजे संस्कृतातील स्मृती, आठवण. श्वास आत जातो आहे, बाहेर येतो आहे, आपण येथे आहोत, याची आठवण. ती सुटणारच, सुटली हे कळणे आणि परत येणे, यातच सगळी साधना आहे. मन रिकामे करावयाचे नाही, विचार बंद पाडावयाचे नाहीत. हे कळताच निम्मे ओझे उतरते, कारण "आपल्याला ध्यान जमत नाही" अशी तक्रार करणारे बहुतेक लोक मन भटकते म्हणून खचलेले असतात.

रोग्यासाठी प्रत्यक्ष कृती अशी. पद्मासनाचा आग्रह नको. टाके ओले असता तो घातकही आहे. पाठीवर किंवा ज्या कुशीवर बरे वाटेल त्या कुशीवर निजावे. एक हात पोटावर ठेवावा. श्वास जसा चालला असेल तसा चालू द्यावा, लांबवू नये, रोखू नये. फक्त पोट वर येते व खाली जाते तिकडे लक्ष असावे. प्रत्येक उच्छ्वासास एक अंक मोजावा, दहापर्यंत जावे आणि पुन्हा एकापासून आरंभ करावा. मध्येच मन अहवालाकडे धावले तर त्यास रागावू नये. मनातल्या मनात "ही भीती" एवढे नाव घ्यावे आणि पुन्हा एक म्हणावे. श्वासावर लक्ष ठरत नसेल तर पायाच्या अंगठ्यापासून सुरू करून एकेका अवयवाची विचारपूस करीत डोक्यापर्यंत यावे. पाच मिनिटे झाली तरी पुष्कळ. झोप लागली तर उत्तमच, ध्यान मोडले म्हणून हळहळू नये.

हा मार्ग रुग्णालयांत नेण्याचे काम 1979 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबाट-झिन यांनी आरंभिले. औषधांनी न हटणाऱ्या दुखण्यांच्या रोग्यांस त्यांनी आठ आठवडे श्वास व शरीर यांवर लक्ष ठेवण्यास शिकविले. पुढे कॅनडातील कॅलगरी येथे कर्करोगाच्या सुमारे 90 रोग्यांवर याची रीतसर परीक्षा झाली. काहींस लगेच शिकविले, काहींस नंतर, आणि दोहोंची तुलना केली. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत शिकलेल्यांची खिन्नता, चिंता व मनाची ओढाताण पुष्कळच कमी झालेली आढळली. तशा प्रकारच्या अनेक परीक्षा नंतर झाल्या, आणि 2023 साली अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या दोन संस्थांनी मिळून असा अभिप्राय दिला की, चिंता व खिन्नता यांसाठी ही साधना उपचार चालू असता आणि उपचारांनंतरही रोग्यांस सुचवावी. गाठ विरघळते असे त्यांपैकी कोणीही म्हटलेले नाही. पतंजलींनी जे फळ सांगितले तेवढेच त्यांस आढळले.

याच संदर्भात एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. इगतपुरीचे विपश्यना केंद्र ज्यांनी 1976 साली उभे केले ते सत्यनारायण गोयंका तरुणपणी ब्रह्मदेशात व्यापारी होते, आणि असह्य अर्धशिशीने गांजलेले होते. डोकेदुखी जावी म्हणून ते रंगूनच्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ध्यान शिकावयास गेले. गुरूंनी त्यांस परत पाठविले! डोकेदुखीचे औषध म्हणून या विद्येचे मोल कमी करू नका, मन निर्मळ करावयाचे असेल तर या, असे त्यांचे म्हणणे पडले. खऱ्या गुरूची ही खूण वाचकांनी लक्षात ठेवावी. ध्यानाने कर्करोग बरा करून देतो असे जो सांगतो, तो ध्यान जाणत नाही आणि कर्करोगही जाणत नाही.

आता आमच्या चुकीविषयी. केमोथेरपीच्या शेवटच्या खेपांच्या सुमारास वहिनी फार शांत दिसू लागल्या. बोलणे कमी, तक्रार नाही, तासन्‌तास डोळे मिटून पडलेल्या. आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्यांस कौतुकाने सांगत असू की, वहिनींस ध्यान साधले. पुढच्या खेपेस वैद्यबाईंनी त्यांस एकटीस आत बोलावून दहा मिनिटे विचारपूस केली, आणि मग आम्हांस बोलावून चांगलेच फैलावर घेतले. वहिनींच्या हातापायांत त्या औषधाने येणारी आग व मुंग्या यांनी त्यांची झोप पार उडाली होती. त्या दात-ओठ खाऊन पडून राहत. आम्ही ज्यास शांती समजलो ती मूकता होती. चार दिवसांच्या औषधांनी जो त्रास पुष्कळ हलका झाला, तो त्यांनी पाच आठवडे सोसला; कारण घरातील बाईने सोसावे हा धडा त्यांस आपल्या घरांनीच दिला होता, आणि आम्ही त्या सोसण्यास योगाचे नाव देऊन त्यावर शिक्का मारला.

तेव्हापासून आमच्या घरात असा नियम आहे: वेदना आधी वैद्यांस सांगावयाची, गोळी वेळेवर घ्यावयाची, आणि मग श्वासाकडे वळावयाचे. वेदना सोसणे म्हणजे ध्यान नव्हे. उलट खरे ध्यान वेदनेची बारीक ओळख करून देते. कोठे दुखते, कसे दुखते, केव्हा वाढते हे रोगी वैद्यांस नीट सांगू शकतो. तसेच डोळे मिटताच कोणाची घालमेल वाढत असेल, किंवा खिन्नता इतकी असेल की जगणे नकोसे वाटते, तर ध्यानाचा आग्रह मुळीच धरू नये. ते वैद्यांच्या कानावर घालावे. त्यावरही औषधे आहेत आणि ती घेण्यात कमीपणा नाही.

एकत्र कुटुंबांतील मंडळींस दोन शब्द. रोग्यास "ध्यान करा" असे फर्मावू नका. शेजारी बसून स्वतः करा. आमच्या घरी रात्री नऊ वाजता दिवा मंद करून दहा मिनिटे सारे वहिनींच्या खोलीत बसू लागलो. प्रथम आम्ही व आमच्या सौभाग्यवती, मग सुना, पुढे पुतण्या, शेवटी नात. कोणी काही बोलत नसे. महाराजांनी ध्यान सामुदायिक का केले, हे आम्हांस तेव्हा उमगले. एकट्याने सोसावयाची गोष्ट चार माणसे शेजारी बसली म्हणजे एकट्याची राहत नाही. दुसरे असे की, समाचारास येणाऱ्यांस उंबरठ्यावरच नम्रपणे सांगावे: औषधे सुचवू नका, कारणे सांगू नका, फार तर इकडच्या-तिकडच्या चार गोष्टी करा. आणि तिसरे, रात्री रोग्यास जाग आली तर कोणास उठवावयाचे हे आधीच ठरवून ठेवावे. श्वास पुष्कळदा पुरतो. पण ज्या रात्री पुरत नाही, त्या रात्री माणूस लागते.

नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. त्याच्या दारावर ध्यान शिकविणाऱ्या संताचे नाव आहे आणि आत शस्त्रक्रिया होतात, किरणोपचार होतात, रोगी रांगेत उभे राहतात. आमच्या वाचक भगिनींच्या सासूबाईंस या दोहोंत विरोध दिसत असेल तर त्यांस हे उदाहरण सांगावे. संताच्या नावाखाली शल्यवैद्य काम करतात, आणि त्यात संताचा उपमर्द होत नाही.

वहिनींचे उपचार संपून आता दोन वर्षे झाली. दर सहा महिन्यांनी तपासणीस नागपुरास जावे लागते, आणि तपासणीच्या आधीच्या आठवड्यात भीती परत येते. ती येणार नाही असे वचन आम्ही कोणासही देत नाही. मध्यंतरी त्या ओसरीवर चातुर्मासाच्या लक्ष वाती वळीत बसल्या होत्या. बोटांच्या टोकांस अजून पुरती संवेदना आलेली नाही, म्हणून एकेक वात सावकाश, बोटांकडे पाहत वळावी लागते. आम्हांस पाहून म्हणाल्या, "भाऊजी, वात वळताना मी दुसरे काही करीत नाही. मन तपासणीकडे गेले की कापूस तुटतो, मग परत येते. हे चालेल का तुमच्या योगसूत्रात?"

आम्ही म्हणालो, चालेल. मग आम्हीही चष्मा काढून ठेवला आणि कापसाचा पेळू हाती घेतला. आमच्या पहिल्या चार वाती तुटल्या. पाचवी जमली. पुढल्या मंगळवारी तपासणी आहे. पहाटे चार वाजता निघावयाचे आहे.